ललितच्या झोपेचा हिशेब

सुलक्षणा नवऱ्याला आळशी म्हणायची, आणि तेही चारचौघांत. ललित धुळ्याला देवपूरच्या एका कॉलेजात लायब्ररीचा कारकून. संध्याकाळी घरी आला की चहाचा कप हातात असतानाच त्याची मान लवायची. मुलीच्या पालकसभेत तो झोपला, सासऱ्यांच्या दशक्रियेला बसल्या जागी घोरला. साक्रीला पुतणीच्या हळदीत मांडवातल्या खुर्चीवरच त्याचा डोळा लागला, तेव्हा सुलक्षणा मोठ्यानं म्हणाली, "नवरीच्या आधी यांना गादी दाखवा!" अख्खा मांडव हसला. ललितची आत्या कमलबाई तेवढी म्हणाली, "थकेल शे तो, झोपू दे त्याले." तोवर ललित जागा झाला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि तोही सगळ्यांबरोबर हसला.

त्याचं घोरणं तर असं, की शेजारचे लोक सकाळी विचारायचे. मुलगी शिकायला नाशिकला गेली, तशी सुलक्षणा आपली उशी उचलून तिच्या खोलीत गेली आणि मग तिथलीच झाली.

पांझरा नदीच्या पुलावर स्कूटर चालवता चालवता ललितला डुलकी लागली आणि स्कूटर कठड्याला घासली. कोपर सोलवटण्यावर निभावलं. घरच्या डॉक्टरांनी मात्र त्याला जळगावला झोपेच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथं डॉ. कामिनी पाटलांनी रात्रभराची तपासणी केली. अहवाल आला: झोपेत तासाला अठ्ठेचाळीस वेळा श्वास अडतो.

"म्हणजे बिछान्यात पडलेत, पण झोप अशी मिळालेलीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग सुलक्षणाकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "ताई, श्वास थांबतो, मग गुदमरून दचकतात, हे तुमच्या कधी लक्षात नाही आलं?"

"मी दुसऱ्या खोलीत झोपते," सुलक्षणा म्हणाली.

डॉक्टरांनी ते कागदावर टिपून घेतलं. पण स्वतःचंच ते वाक्य सुलक्षणाला टोचत राहिलं. शेजारच्या खोलीत माणूस गुदमरत होता आणि ती कानावर उशी दाबून झोपली होती.

हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं मशीन घरी आलं, आणि सुलक्षणानं जणू प्रायश्चित्तच घेतलं. मास्क धुणं, मशीनच्या टाकीत पाणी भरणं, नळी वाळत घालणं, सगळं तिनं स्वतःकडे घेतलं. रोज उठल्या उठल्या ती मशीनची स्क्रीन पाही. किती तास वापरलं, मास्कमधून हवा किती गळली आणि तासाला किती वेळा श्वास अडला. शेवटचा आकडा पाचच्या आत हवा, एवढं तिनं पक्कं डोक्यात ठेवलं होतं.

सुरुवातीला आकडा चार-पाच यायचा. मग नऊ आला, मग बारा.

"अहो, पट्टा सैल ठेवला असणार तुम्ही," ती म्हणे आणि आवळून देई. ललितच्या गालांवर वळ उठू लागले. त्यानं उताणं झोपू नये म्हणून तिनं पाठीशी लोड ठेवला. रात्रीचा भात बंद केला. सकाळी ती स्क्रीनवर वाकली की ललित दाराशी उभा राही, निकाल लागायची वाट बघावी तसा. एके दिवशी चौदा आला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला बरंच व्हायचं नाहीये का?" ललित मान खाली घालून अंघोळीला गेला.

महिनाभरानं ती दोघं पुन्हा जळगावला गेली. डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

"गळती जवळजवळ नाहीच. रात्रीचा पहिला भाग तर छान आहे," त्या म्हणाल्या. "सगळे अडथळे पहाटेचेच दिसतात. ललितराव, त्या वेळी जागे असता का?"

ललितनं आधी बायकोकडे पाहिलं. "असतो. लवकर जाग येते, मग पडून राहतो."

"मास्क लावूनच?"

"काढला तर तास कमी भरतात. सकाळी ही बघते ना."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मशीनला जागा माणूस आणि झोपलेला माणूस यातला फरक कळत नाही. जागेपणी कूस बदलताना आपण श्वास रोखतो, उसासा टाकतो, तेही ते मोजून टाकतं. एका रात्रीचा आकडा घेऊन बसायचं नाही, दिवसभर ताजंतवानं वाटतं का ते बघायचं. आणि ताई, रोज बघू नका. यांना पहाटे जाग येते ती या धास्तीनंच, असं मला वाटतं."

परतीच्या बसमध्ये सुलक्षणा खिडकीशी बसली होती. आधी त्याचा त्रास तिला दिसला नाही, आणि दिसला तेव्हा तिनं त्याच्यावर पहारा ठेवला. पारोळा मागे पडलं तेव्हा ती त्याच्याकडे वळली.

"मी तुम्हाला फार बोलले हो. साक्रीला, सगळ्यांसमोर... इतकी वर्षं."

ललितनं समोरच्या सीटचा दांडा धरला.

"तू बोललीस त्याचं नाही एवढं," तो म्हणाला. "मला ते खरंच वाटायचं. वाटायचं, बाकीची माणसं कशी दिवसभर उभी राहतात, मीच कामचोर. देवानं मलाच असं केलं."

सुलक्षणाला वाटलं, त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही, पण धरलाही नाही.

घरी आल्यावर तिनं आपलं अंथरूण त्याच्या खोलीत हलवलं. मशीनची स्क्रीन त्याच्या बाजूला वळवली, आणि ती बघायची नाही असं स्वतःला बजावलं. पहिल्या काही सकाळी हात आपोआप तिकडे जाई. ती उठून चहा ठेवायला निघून जाई.

पंधराएक दिवसांनी, एका रविवारी, चहा निवून गेला तरी ललित उठला नाही. ती खोलीत गेली. मास्क लावलेला, तोंड किंचित वाकडं, छाती एका लयीत वरखाली होत होती. ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली आणि त्याचा श्वास ऐकत राहिली.