हिरव्या पट्ट्यातली नीलम

डॉक्टरबाईंनी तक्ता खिडकीच्या उजेडात धरला, तशी माधवी खुर्चीत सावरून बसली. चौदा वर्षं जपलेला कागद होता तो. घरात आधार कार्डाच्याही वर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. माधवी अकोल्याच्या जुन्या शहरात अंगणवाडी चालवते. शेकडो पोरांचे वाढीचे तक्ते तिनं भरले, पण इतका नेटका दुसरा नाही. कसा असेल? हा तिच्या स्वतःच्या नीलमचा होता.

नीलम शेजारी दप्तर पोटावर धरून बसली होती. वय चौदा, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. दोन महिने ती डबा जसाच्या तसा परत आणत होती, आणि परवा शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. म्हणून आज जठारपेठेतला हा दवाखाना.

"जन्मली तेव्हा एक किलो नऊशे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मग ही रेघ एकदम अशी वर?"

"लाल पट्ट्यात होती जी. आठ महिन्यांत हिरव्यात आणली म्या."

आवाजात तोरा होताच. अंगणवाडीवालीचीच पोरगी लालमध्ये, अगदी कमी वजनाच्या पट्ट्यात, म्हणजे वस्तीत तोंड दाखवायची सोय नव्हती. मग माधवी हट्टाला पेटली. तुपातला शिरा, साखर घातलेलं दूध, कुस्करलेलं केळं. पोरीनं तोंड फिरवलं की गाल दाबून घास आत. दर सोमवारी तिला काट्याला टांगायची आणि ठिपका मांडायची. पुढच्या भीमजयंतीला मंडपात सुदृढ बालक म्हणून नीलमचा पहिला नंबर आला. तो फोटो अजून दारासमोरच्या भिंतीवर आहे.

डॉक्टरबाईंचं बोट त्या चढत्या रेघेवरच होतं.

"बारीक जन्मलेलं मूल सुरुवातीलाच इतकं भराभर भरलं, की पुढे वयात येताना चरबी धरायची शक्यता वाढते. हे एकच कारण नसतं, बाई. पण हिला उपाशी राहू देऊ नका. आणि खाण्यावरून बोलणं तर आजपासून बंद."

माधवीनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. वर्षभर आपण पोरीला काय काय बोललो ते तिला एकेक आठवायला लागलं. तोंडाले लगाम नाही. चोरून खातं. मैत्रिणी पाह्य कशा हायेत अन् तू.

"मॅडम," नीलम पहिल्यांदाच बोलली, "म्हणजे हे माझ्या खाण्यानं नाही झालं?"

"सगळं तुझ्या खाण्यानं नाही झालं, बेटा."

नीलमनं पोटावरचं दप्तर खाली ठेवलं.

दोघी ऑटोनं घरी निघाल्या. मोर्णा नदीच्या पुलावर नीलमनं हात पुढे केला.

"आई, तो कागद मले दे."

"काहून?"

"ठेवतो माह्यापाशी."

माधवीनं दिला. मग बाहेर पाहत म्हणाली, "म्याच केलं हे, नीलू."

"तुले कुठं मालूम होतं," नीलम म्हणाली. तिला राग आला असता तर माधवीला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर नीलम हातपाय धुऊन आपणहून ताटावर बसली. वरण, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. मोबाइल नाही, चिवडणं नाही, भराभर जेवली.

"आई, अजून एक भाकर दे ना."

दोन महिन्यांत पहिल्यांदा पोरीनं मागून घेतलं होतं. माधवीनं तव्यावरची भाकर उचलली, ताटाजवळ नेली आणि तिचा हात तिथंच थांबला. एक द्यावी की अर्धी? रोज दुसऱ्यांच्या सुनांना लेकराला किती भरवायचं ते सांगणारी ती, आज तिला कळेना.

नीलमनं वर पाहिलं. आधी आईच्या हाताकडं, मग तिच्या तोंडाकडं.

"राहू दे," ती म्हणाली आणि तिनं ताटात हात धुतला.