मानेवरचा हलका हात

मी एक नस बोलतेय. मानेमागची, केसांच्या मुळाशी बसलेली, खाजेची नस. हसा, हसा! खाज म्हटलं की लोकांना हसूच येतं.

माझा जन्म बुरुलबरोबरच झाला, दूर डोंगरमुलखात, तलासच्या कुरणावरच्या एका तंबूत. काम एकच: अंगावर हलकंसं काही चाललं की मणक्यातून थेट मेंदूपर्यंत बोंब मारायची. हलकंसं म्हणजे ऊ, गोचीड, नाहीतर करकुर्त. हा काळा कोळी चावला तर उंटसुद्धा आडवा होतो. बुरुलची सासू बिछान्याभोवती मेंढीच्या लोकरीचा दोर टाकायची. त्या वासाला करकुर्त भितो म्हणे. डोंबल भितो! बुरुल नवी नवरी असताना एक करकुर्त तो दोर ओलांडून तिच्या मानेवर चढलाच. मी बोंबलले, तिनं झटकला, म्हणून वाचली.

पण तेव्हा मी ऊठसूट ओरडत नसे. माझ्या शेजारी स्पर्श ओळखणाऱ्या पेशी राहायच्या. नवऱ्याची बोटं असोत की नातीच्या केसांची बट, त्या मणक्यातल्या राखणदाराला कळवायच्या, "घाबरायचं काही नाही, हिला आवरा." आणि तो माझं तोंड दाबायचा. आईविना पोर ती जिबेक, आजीला 'आपा' म्हणायची, तिच्या मानेत नाक खुपसून झोपायची. मी गप्प. सुखाचे दिवस होते ते.

म्हातारपणी त्या शेजारणी एकेक करून गेल्या. राखणदाराला सांगणारं कुणी उरलं नाही. आता रुमालाची कड लागली तरी मी पेटते, आणि बुरुल खाजवून खाजवून रक्त काढते.

यंदा जिबेक कामासाठी मॉस्कोला निघाली. "जा, तिथं दुसऱ्यांची भांडी घास!" म्हणून बुरुलनं अबोला धरला. गाडी दारात आली तरी ती पाठ फिरवून चुलीशीच बसलेली. जिबेक मागून आली. बोटं हळूच मानेवर टेकवली. ती काही बोलणार तोच मी बोंबलले.

"करकुर्त!" बुरुल किंचाळली आणि फाडकन फटका मारला.

जिबेकनं हात मागे घेतला. "एवढा राग, आपा?" म्हणाली आणि जाऊन गाडीत बसली.

"अगं थांब! करकुर्त वाटला गं मला!" बुरुल अनवाणी धावली. गाडी धूळ उडवत गेली. शेजारची सून फिदीफिदी हसली, "आजीबाई, बर्फ पडायला आलं, आता कसला करकुर्त?"

फोनवर बुरुलनं किती वेळा सांगितलं. पोर "बरं, बरं" म्हणते. पटलेलं नाही, आवाजावरून कळतं.

फार वाईट वाटतं हो. बुरुल आता तळहात मानेवर घट्ट दाबून बसते. घट्ट दाबलं की मी निवते, एवढंच राहिलंय माझं.

म्हणून हात जोडते. म्हाताऱ्या माणसाला निरोप देताना नुसती बोटं टेकवू नका, चांगलं कवटाळा. आणि मॉस्कोत आमची जिबेक भेटली तर तिला सांगा: आजीला घट्ट धर गं. पण लवकर ये, ती फार थकलीय.