पलीकडचं वजन

कप्तान हे नाव त्याला धक्क्यावर पडलं, आणि तेही चेष्टेत. एरवी गड्याची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळत दोरांना ग्रीस लावायचं, चाकं बदलायची आणि मध्येच अडकलेल्या माणसांना "घाबरू नका हो, आलोच!" असं ओरडून सांगायचं. "जन्मभर वर गेलो नि खाली आलो," तो म्हणायचा, "पुढे म्हणून कधी गेलोच नाही."

तर निवृत्त झाल्यावर हे पुढे जाण्याचं भूत त्याच्या मानगुटीवर बसलं. एक जुनी शिडाची होडी घेतली. धक्क्यावर होडी-दुरुस्तीची शेड चालवणाऱ्या मिस्त्रीचं डोकं खाऊन खाऊन ती नीट केली. बायकोला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून आला. आणि आता स्वारीला लांबच्या बेटांवर जायचं होतं, मागे वळून पाहिलं तर जमिनीचा ठिपकाही दिसणार नाही इतकं लांब. वर्ष तरी मोडणार होतं त्यात.

घोडं अडलं ते बायकोपाशी. ती भित्री होती असं मुळीच नाही. उलट सुकाणू तिच्या हातात असलं की होडी गुमान चालायची, आणि त्याच्या हातात असलं की होडीच्या अंगात यायचं. हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं, त्यालाही होतं. पण विषय काढला तेव्हा ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, समुद्राचं काही नाही मला. पण घर सोडून करमत नाही. बहिणीकडे गेले तरी दुसऱ्या दिवशी जीव इकडे ओढ घेतो. वर्षभर कसं व्हायचं?"

एकट्यानं जाणं त्याला कसंबसं जमलंही असतं. पण तिच्यावाचून ती बेटं पाहायची म्हणजे काय, कुणाला "अगं, ते बघ" म्हणायचं? तिच्याशिवाय जायचं नव्हतं आणि न जाता राहायचंही नव्हतं. बिचाऱ्याची झोप उडाली.

आता दुसऱ्या कुणी तिच्याजवळ बसून विचारलं असतं, की बाई गं, घराचं नेमकं काय सुटत नाही तुझ्याच्यानं? पण हा पडला मेकॅनिक. त्यानं अडचण ऐकली आणि पान्याकडे हात नेला. हिला घर सुटत नाही ना? मग घरच होडीत नेऊ!

सुरुवात शिलाई मशीनपासून झाली. चांगलं लोखंडी पायांचं धूड. मिस्त्रीच्या हातगाडीवरून नेऊन त्यानं ते होडीच्या डाव्या अंगाला बसवलं. आणि इथे त्याचा धंदा आडवा आला. लिफ्टचा डबा एका बाजूला आणि तितकंच वजन दोरीच्या दुसऱ्या बाजूला, हे त्याच्या हाडामांसात मुरलेलं. डावीकडे मशीन गेलं, तर उजवीकडे तेवढ्याच वजनाची हत्यारांची पेटी गेलीच पाहिजे. डावीकडे तिचा दगडी खलबत्ता, तर उजवीकडे इस्त्री आणि पितळी घंगाळ. डावीकडे कुंड्या, उजवीकडे पुस्तकं. तिची आरामखुर्ची बरोब्बर मधोमध. काट्यावर तोलून बघायचा आणि मग ठेवायचा. होडी इतकी समतोल की कपातला चहा हलू नये. एवढा खूश झाला की घरी येताना शीळ घालायचा.

आणि घर? घर दिवसेंदिवस ओस पडत चाललं. मशीनच्या जागी फरशीवर चार खुणा उरल्या. भिंतीवर घड्याळाएवढा गोरा गोल उरला. खोकलं तरी खोली उलटून खोकायची. बायको हे सगळं बघत होती आणि मूग गिळून बसली होती. लेक भेटायला आली तेव्हा दारातच थबकली.

"आई, चोरी झाली की काय?"

"तुझ्या बाबांना विचार."

"बाबा?"

"सरप्राइज आहे," कप्तान म्हणाला. लेकीनं कपाळाला हात लावला.

खरं सांगायचं तर त्या ओस घरात संध्याकाळी चहा घेताना त्यालाही कसंसंच व्हायचं. पाठ टेकायला खुर्ची नाही, बघायला घड्याळ नाही. पण त्याला वाटलं, हे होडीत गेल्यावर जाईल.

मग एके दिवशी सकाळी तो बायकोला आणि लेकीला धक्क्यावर घेऊन गेला. होडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "हे घे तुझं घर! आता तर येशील?"

बायको आत शिरली. मशीनवरून हात फिरवला, घड्याळाकडे पाहिलं, आरामखुर्चीत टेकली. तिचे डोळे भरून आले. कप्तानाला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मोरीतून गुडगुड आवाज आला. भांडी धुवायच्या छोट्या बेसिनमधून पाणी खाली जायचं सोडून वर येत होतं. बघता बघता बेसिन भरलं आणि पाणी कुंड्यांमध्ये ठिबकायला लागलं.

"मिस्त्री! अहो मिस्त्री!"

मिस्त्री हातातला ब्रश टाकून धावत आला. आत यायचीही त्याला गरज पडली नाही. होडीच्या पोटावर त्यानं स्वतःच्या हातानं एक लाल पट्टा रंगवला होता, पाणी नेहमी त्याच्या खाली राहायला हवं. तो पट्टा कधीचाच बुडाला होता, आणि बेसिनचं पाणी बाहेर सोडायचं भोकही त्याच्या पाठोपाठ पाण्याखाली गेलं होतं.

"कप्तान, हे काय भरून ठेवलंय हो?"

"पण होडी सरळ आहे!" कप्तान कळवळून म्हणाला. "बघा ना, तसूभर कलली नाही. दोन्हीकडे तोलून मापून ठेवलंय सगळं!"

"सरळ आहे की," मिस्त्री म्हणाला. "सरळच बुडेल."

लेकीला हसू आवरेना. कप्तानाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. जादा माणसं शिरली की लिफ्टमध्ये घंटी वाजते. ती घंटी त्यानं स्वतः शेकडो ठिकाणी बसवली होती. इथे कुणी घंटी वाजवली नव्हती, म्हणून हा आपला भरतच सुटला होता. तो पायरीवर मटकन बसला.

"संपलं," तो म्हणाला. "घर नेता येत नाही, आणि घराशिवाय तू येणार नाहीस. विकून टाकतो होडी."

बायको त्याच्याजवळ येऊन बसली. लेकीला आणि मिस्त्रीला तिनं डोळ्यांनीच लांब पाठवलं.

"इतके दिवस मी का बोलले नाही, माहितीये? तुम्ही इतक्या मायेनं एकेक वस्तू उचलत होतात, तुमचं मन मोडवेना मला. पण अहो, जितकं घर तुम्ही इथे आणत गेलात ना, तितका माझा पाय जड होत गेला. मला घर सोबत नको होतं हो. मागे हवं होतं. सगळं जागच्या जागी, झाडून पुसून, कुलूप लावलेलं. आपण कुठेही असू, पण ते तिथे आहे आणि आपली वाट बघतंय, एवढं कळलं की मी कुठवरही येईन."

कप्तानानं स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारली.

"जन्मभर हेच काम केलं की गं मी! पलीकडे वजन लटकलेलं असतं म्हणून तर डबा वर जातो. आणि मी ते पलीकडचं वजन काढून डब्यातच टाकत बसलो."

"मग? आता काय कान धरून उठाबशा काढणार का?"

"हातगाडी आणतो," तो म्हणाला.

सगळं उलट्या पावली घरी गेलं. मिस्त्रीनं हातगाडी ढकलता ढकलता धक्क्यापासून घरापर्यंत कप्तानाची यथेच्छ टिंगल केली, आणि कप्तानानं ती निमूट ऐकून घेतली. मशीनचे चार पाय फरशीवरच्या खुणांवर नेमके बसले तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. घड्याळ लावलं. खुर्चीत बसून पाठ टेकली. घर परत घरासारखं वाजायला लागलं. म्हणजे तोही काही कमी घरकोंबडा नव्हता तर! मग त्यानं बायकोला सांगून टाकलं, बेटांवर पोचलो की पुढचं बघू, पण ज्या दिवशी दोघांपैकी एकालाही परतावंसं वाटेल, त्या दिवशी होडी वळवायची. कारण विचारायचं नाही.

वारा चांगला सुटला तेव्हा निघाले. कुंड्यांना पाणी घालायचं लेकीनं कबूल केलं होतं. बायकोनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. होडीच्या पोटावरचा लाल पट्टा पाण्याच्या वर झकास दिसत होता.

धक्का मागे पडला. मिस्त्री आणि लेक हात हलवता हलवता बारीक झाले. बायकोनं पदराची गाठ सोडून घराची किल्ली काढली आणि डाव्या अंगाच्या खिळ्याला अडकवली. कप्तानाची नजर लगेच उजव्या अंगाला गेली. तो काहीतरी शोधायला लागला.

"काय हो?"

"उजवीकडे काय लावावं बघतोय."

"इश्श! एवढ्याशा किल्लीचं कसलं वजन?"

"आहे," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

ती उठली, उजवीकडे जाऊन बसली आणि सुकाणू हातात घेतलं.