न उडालेला बार

दोरी ओढली, कट्ट्याचा घोडा खट्कन पडला आणि पुढे काहीच झालं नाही. भिंतीआड कानांत बोळे घालून बसलेली माणसं उगाचच आणखी थोडा वेळ डोळे मिटून राहिली.

"झालं!" मामा कंटाळून म्हणाले. "चहा सांगा."

मामा म्हणजे शस्त्र तपासणीच्या प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने तपासनीस. खरं तर ते मामा एकाच माणसाचे, त्यांच्या जावयाचे. तो इथेच त्यांच्या हाताखाली नोकरीला होता. पण कचेरीत त्याच्या तोंडून एकदा 'मामा' निघालं आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी त्याचा सासरा वाटून घेतला.

पोलिसांनी पकडलेले गावठी कट्टे इथे यायचे. कोर्टाला एवढंच हवं असायचं, की ही वस्तू उडते की नाही. ते पाहायला कट्टा पलीकडच्या खोलीत वाळूच्या पोत्यांमध्ये आवळायचा आणि भिंतीच्या अलीकडून दोरी ओढायची. उडाला तर उत्तम, फुटला तर पोत्यांचं नशीब. खरी पंचाईत व्हायची ती काहीच न झालं तर. आतलं काडतूस मेलंय की नुसतं रुसलंय, हे बाहेरून कुणाला सांगता येणार? रुसलेलं काडतूस उशिरानेही उडतं. म्हणून आधी निवांत चहा घ्यायचा, तोवर जागचं हलायचं नाही, आणि मग तपासनिसांत जो वयाने मोठा त्याने आत जाऊन काडतूस बाहेर काढायचं, अशी इथली रीत होती. लेखी कुठेच नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

ही रीत पाडली मामांच्या वस्तादांनी. एकदा असाच एक रुसलेला कट्टा त्यांच्या हातात उडाला. उजव्या हाताची बोटं गेली, एक डोळा गेला. सत्कार झाला, भाषणं झाली, शूर माणूस म्हणून सगळ्यांनी गळे काढले. नंतर मामा त्यांच्या घरी गेले तेव्हा वस्तादांची बायको त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होती आणि वस्ताद भिंतीकडे बघत उभे होते. त्याबद्दल भाषणात कुणी बोललं नव्हतं. पुढे त्या खोलीत जायचं काम मामांकडे आलं.

मामा नोकरीला लागले तेव्हा छत्रीच्या दांड्याचे कट्टे यायचे. मग पाण्याच्या नळाचे आले, मग मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भंगारातले. वस्तादांच्याही वस्तादांनी म्हणे लोखंडी खाटेच्या पायाची बंदूक पाहिली होती. काळ बदलला, भंगार बदललं, करणाऱ्यांची अक्कल मात्र होती तिथेच राहिली. पाणी वाहायला केलेल्या नळीत दारू पेटवायची आणि ती आपल्याच तोंडासमोर धरायची, याला काय म्हणावं? "समोरचा निदान पळू तरी शकतो," मामा म्हणायचे, "धरणारा कुठे पळणार?" हे सांगून सांगूनही त्यांना आता वीट आला होता.

महिनाअखेरीला मामा निवृत्त व्हायचे होते. त्यांच्यानंतर वयाने मोठा त्यांचा जावई.

परवाच जेवताना मुलीने घास तसाच ठेवून विचारलं होतं, "बाबा, तुमच्यानंतर त्या खोलीत हा जाणार ना?"

"बघू गं," मामा म्हणाले होते.

"काय बघू? आई काय करते माहितीये का तुम्हाला? तुम्हाला यायला उशीर झाला की कपाटं आवरते. आवरलेलीच परत आवरते. मला नाही आवरायची कपाटं, बाबा."

तेव्हा मामांनी विषय हसण्यावारी नेला. पण त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

चहा संपला. कट्टा घेऊन आलेले फौजदार चुळबुळत होते. "मामा, उद्या तारीख आहे हो," ते अजिजीने म्हणाले.

मामांनी उठायला गुडघ्यावर हात टेकला, तोच जावई उठला. "मामा, तुम्ही बसा. आता मलाच जायचंय ना? आजपासून सवय करून घेतो."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. जावयाची छाती फुगली. मामांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. आपण गेलो तर पुढच्या महिन्यात हा जाणार. याला जाऊ दिलं तर आजच जाणार. दम देऊन बसवलं, तर म्हाताऱ्याला खुर्ची सुटत नाही म्हणतील, आणि पुढच्या महिन्यात हा जाणारच. भिंतीच्या अलीकडे आजवर कुणीच न बोललेलं एकच वाक्य शिल्लक होतं.

"कुणीच जायचं नाही," मामा म्हणाले. "मी जाणार नाही. मला भीती वाटते."

फौजदार हसले. "काय मामा, थट्टा करता गरिबाची!"

"थट्टा नाही. पहिल्या दिवसापासून वाटते. दर वेळी वाटते. तुम्ही सगळे शूर शूर म्हणायचात, मग नाही म्हणायची लाज वाटायची, म्हणून जायचो. शहरात बॉम्बवाल्यांचं पथक येऊन इतकी वर्षं झाली, आपण एकदा तरी त्यांना हाक मारली? बोलवा त्यांना. त्यांच्याकडे लांबून चालवायचं यंत्र आहे. यंत्राला बायको नसते."

"मामा, लोक काय म्हणतील?" जावई हलक्या आवाजात म्हणाला.

"सासरा भित्रा निघाला म्हणतील. बसा खाली, जावईबापू."

तो बसला, पण लाल तोंड करून, दुसरीकडे बघत.

बॉम्बवाले दुसऱ्या दिवशी आले. फौजदारांची तारीख हुकली. यंत्राने काडतूस काढलं तर ते ओल लागून केव्हाच मेलेलं. झालं, कचेरीला विषय मिळाला. मेलेल्या काडतुसाने मामांना चळचळा कापायला लावलं, असं जो तो सांगू लागला. निरोपाच्या भाषणात साहेबांनी मामांच्या वक्तशीरपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि शौर्याचं नावही काढलं नाही. मामांना वाईट वाटलं, खूप वाटलं. आयुष्यभर कमावलेली अब्रू एका फुसक्या बारापायी गेली होती. त्याहून लागलं ते जावयाचं वागणं. तो घरी यायचा, जेवायचा, विचारलं तर हो-नाही एवढंच बोलायचा.

पुढे एका संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, आज एक उडालं नाही."

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय, साहेबांनी याच्याकडे पाहिलं. हा उठलाच नाही. म्हणाला, मला भीती वाटते, बॉम्बवाल्यांना बोलवा." तिला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळत नव्हतं. "सगळे हसले म्हणे, बाबा. सासऱ्याच्या वळणावर गेला म्हणाले. आल्यापासून धुमसत बसलाय. जेवायलाही तयार नाही."

"भूक लागली की जेवेल," मामा कसेबसे म्हणाले. फोन ठेवताना त्यांचे डोळे वाहत होते.

"अहो, काय झालं?" आतून बायको धावत आली.

"जावयाची चारचौघांत शोभा झाली," मामा म्हणाले, आणि डोळे पुसत पुसत हसत सुटले.