रंगाखालचा चेहरा

रंगाचा पहिला पापुद्रा निघाला तो हिरवा. त्याखाली लाल, त्याखाली पिवळा. बागेतल्या बाकांना आणि घसरगुंडीला लावून उरलेला रंग माळी दरवर्षी या पुतळ्याला फासत आला होता.

"टाकून कशाला द्यायचा, म्हणून लावायचो, मास्तर," बादली धरून उभा असलेला माळी ओशाळून म्हणाला.

सिमेंटचा हा पुतळा मास्तरांनीच केलेला. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला. स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम हातून झालं. गुडघा टेकून, मान खाली घालून बुटाची नाडी बांधणारी मुलगी. तेव्हा समोर बसवली होती ती त्यांची धाकटी. सारखी चुळबुळ करायची, नाक खाजवायची. पुतळा बागेत बसला आणि पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त होऊन ती गेली.

त्यानंतर मास्तर या बाजूला फिरकले नाहीत. मग बायकोची नजर गेली. घरातले फोटो तिला असून नसल्यासारखे झाले. एकदा जेवता जेवता ती म्हणाली, की धाकटीचा चेहरा आता डोळ्यांपुढे येत नाही, हाताने तरी बघू द्या. मास्तर तिला बागेत घेऊन आले. तिने पुतळ्याच्या तोंडावरून बोटं फिरवली. थरांवर थर चढून नाक-ओठ पार बुजले होते.

"भोपळ्यासारखं लागतंय," एवढंच ती म्हणाली.

मास्तरांनी बागेच्या कचेरीत खेटे घातले. साहेबांना हा पुतळा कुठला तेच आठवेना. शेवटी वैतागून त्यांनी रंग काढायला होकार दिला.

आज बायको बाकावर बसली होती. मास्तर पत्र्याच्या पट्टीने हलक्या हाताने रंग खरवडत होते. केस मोकळे झाले, कान निघाला. ती पाळी त्यांनी लगेच ओळखली. मग गालावरचा रंग एकदम सुटला, आणि त्याच्यासोबत सिमेंटही. आत पाणी मुरून सगळं भुसभुशीत झालं होतं. रंगानेच ते इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. मास्तरांनी तळहाताने दाबून धरलं, तरी बोटांमधून आधी नाक, मग ओठ वाळूसारखे ओघळले. मागे गंजलेली सळई उरली.

माळ्याने मान फिरवली.

"झालं का हो?" बायकोने विचारलं. "येऊ?"

ती चाचपडत आलीच. केसांवरून हात फिरवला, कान सापडला तशी हसली. मग बोटं पुढे सरकली आणि खळग्यात थांबली.

"मान खाली आहे ना तिची," मास्तर म्हणाले, "म्हणून चेहरा नीट लागत नाही हाताला."

"हो," ती म्हणाली. "खाली आहे खरी."

तिने मास्तरांचा हात शोधून काढला आणि आपल्या रुमालाने त्यांच्या एकेका बोटावरचा भुगा पुसू लागली.