चढावर थांबलेली गाडी

दातांच्या दवाखान्याच्या अलीकडच्या चढावर गाडीने अंग टाकलं. इंजिन गुरगुरत होतं, काटा वर चढत होता, पण चाकं काही हलेनात. मागे पडद्यांचे अकरा रॉड, शिडी आणि ड्रिल. तिने हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसा तिने तो ऐकला.

"अगं, उतर तरी," बाजूच्या सीटवरून सासू म्हणाली. "का इथेच बिऱ्हाड करायचंय?"

तीन महिने तिचं हे असंच चाललं होतं. नवरा एक बॅग उचलून निघून गेला होता. जाताना म्हणाला, "गाडी तूच ठेव. तुझ्या धंद्याला लागेल." त्याची आईही मागे राहिली, तिच्याबद्दल मात्र तो काही बोलला नाही. सून रडली नाही, भांडली नाही. खिडक्यांची मापं घेतली, पडदे शिवले, जाऊन लावले. ताट समोर आलं की जेवली.

टोचन करून गाडी गॅरेजमध्ये आणली. मिस्त्री अर्धा तास गाडीखाली होता. बाहेर आला आणि चिंध्यांना हात पुसत म्हणाला, "ताई, गिअरबॉक्स गेला. पाण्याचा पंप गळतोय. मागची हवेची स्प्रिंग फाटलीय, म्हणून गाडी ढुंगण टेकून बसते. आणि इंजिनाच्या मागून तेल झिरपतंय."

"किती?"

"सगळं नवीन टाकलं तर दोन लाखांच्या पुढेच. सतरा वर्षांची गाडी आहे. एवढ्याला तर ती विकलीही जायची नाही."

"करा," ती म्हणाली.

"थांबा हो!" सासू स्टुलावरून उठली. बेअरिंगच्या कारखान्यात तिने तीस वर्षं माल तपासला होता, आणि तिच्या नजरेतून खोटा नग कधी सुटला नव्हता. "गिअरबॉक्सचं तेल दाखवा मला."

मिस्त्रीने तेल मोजायची पट्टी काढून दिली. सासूने तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. काळं आणि करपलेलं. "हे काही कालचं जळलेलं नाही, मिस्त्री."

"नाहीच, मावशी. साहेबांना मी हिवाळ्यातच सांगितलं होतं. फार तर सहा महिने चालेल, वजन घालू नका म्हटलं. 'बघू' म्हणाले."

हिवाळ्यात, म्हणजे तो जायच्या आधी. हे कुठे लागलंय का, म्हणून तिने मनात चाचपून पाहिलं. कुठेच लागलं नव्हतं. समोर भिंतीवर इंजिनाचे रबरी पट्टे टांगले होते. ते तिने मोजले. चौदा.

सासूने तिथेच मुलाला फोन लावला. "गाडीचं तुला माहीत होतं?" पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. "सांगणार होतास? कधी, ती घाटात मागे घसरल्यावर?" तिचा आवाज चिरकला. तिने फोन सुनेपुढे धरला. "बोल त्याला. काय वाट्टेल ते बोल."

तिने फोन कानाला लावला. तो म्हणाला, "हे बघ, मला खरंच..."

"दुसरी चावी कुठे आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"गाडीची दुसरी चावी."

"माझ्याकडेच राहिली बहुतेक."

"पाठवून दे," असं म्हणून तिने फोन सासूच्या हातात दिला.

मग सासूने मिस्त्रीला सोडलंच नाही. नवीनच कशाला? जुना मिळत नाही? मिस्त्रीने डोकं खाजवलं. याच जातीची एक गाडी मागून ठोकर लागून भंगारात आली होती. तिचा गिअरबॉक्स निम्म्याहून कमी किमतीत मिळाला असता, तीन महिन्यांच्या हमीवर. हवेच्या स्प्रिंगऐवजी साधी लोखंडी बसवता येत होती. धक्के बसतील, पण ती फाटणार नाही. पंप मात्र नवाच हवा, नाहीतर इंजिन तापून बसेल.

"आणि तेल?" सासूने विचारलं.

"त्यासाठी अख्खं इंजिन सोडवावं लागेल. तुम्ही आपलं आठवड्याला पातळी बघा आणि भरत राहा."

"आधी मी तो गिअरबॉक्स बघणार," सासू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरंच भंगारवाल्याकडे जाऊन, चष्मा पुसून, बघून आली.

नवव्या दिवशी गाडी मिळाली. तोच चढ आला. गाडी हलकासा हिसका देऊन वर निघाली. दवाखान्यात ती शिडीवर चढली, सासूने खालून एकेक हुक दिला. डॉक्टरीणबाईंनी पडदा दोनदा ओढून पाहिला आणि छान झालाय म्हणाल्या. तिने मान हलवली.

घरी आल्यावर सासूने जुना पत्र्याचा ट्रे शोधून काढला आणि कंबरेत वाकून इंजिनाखाली सरकवला.

"तेलाचं मी बघत जाईन," ती म्हणाली. "तेवढं तू डोक्यात ठेवू नकोस."

"बरं, आई."

सासू उठायला लागली, पण गुडघा साथ देईना. तिने पुढे होऊन हात दिला. सासूच्या तेलकट बोटांचे डाग तिच्या मनगटावर उठले. तशीच ती आत गेली, टेप घेतली आणि उद्याच्या कामाचं कापड जमिनीवर पसरलं.