पडद्यामागची यल्शीबाई

सप्… सप्… सप्.

पाण्याचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा वाटलं आपल्याला मार बसतोय. भिमाजीशेठ बादलीतून तांब्या भरून माझ्या अंगावर पाणी फेकत होता आणि मी थंडीनं कुडकुडत होतो. पुढं कळलं की ते लाड होते. ओला झाल्याशिवाय माझ्यातून उजेड आरपार जात नसे.

पडदा आहे मी. तंबूतल्या सिनेमाचा. पहिली मोठी लढाई नुकती संपली होती, तेव्हा लोणावळ्याच्या बाजारातल्या शिंप्यानं जाड मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं. मधली शिवण जरा वाकडी गेली. भिमाजी चिडला, तर शिंपी म्हणाला, "शेठ, अंधारात शिवण कोण बघतंय?" खरं होतं ते. पण ज्या बाईची गोष्ट मी सांगतोय, तिच्या गालावरून ती शिवण कायम जायची. लोकांना वाटायचं, तिला जुनी जखम आहे.

दिवाळी झाली की स्टेशनामागच्या मैदानात तंबू उभा राही. मला तंबूच्या मधोमध टांगत. एका बाजूला यंत्र आणि पुरुषमंडळी. दुसऱ्या बाजूला, म्हणजे माझ्या पाठीमागे, अर्ध्या दरात बायका. मीच त्यांचा आडोसा. चित्र दोन्हीकडून दिसायचं. मागून अक्षरं उलटी दिसत, पण सुलटी असती तरी वाचणारं कोण होतं!

चित्रं मुकी होती. हौशीराम नावाचा माणूस हातात वेताची छडी घेऊन माझ्या शेजारी उभा राही आणि मराठीतून गोष्ट सांगे. राजा, चोर, सासू, घोडा, सगळे त्याच्या एका गळ्यातून बोलायचे. भिमाजी मुंबईहून फक्त विलायती, झिजलेली रिळं आणायचा. ती स्वस्त पडत.

त्या रिळांतून ती आली. नाव एल्सी ग्रेंजर, अमेरिकेची नटी. हौशीरामनं पहिल्याच दिवशी तिला यल्शीबाई केलं.

पहिल्यांदा आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. गोठ्यातली पोर. दुधाची बादली सांडायची आणि मालकाच्या शिव्या खायच्या, एवढंच तिचं काम. पण शिव्या खाऊन झाल्यावर तिनं मान वर केली आणि तंबूतल्या विड्या विझल्या. मीही हललो नाही. वारा होता, तरी हललो नाही.

स्टेशनातला तारबाबू साहेबलोकांनी टाकून दिलेली मासिकं वाचून हौशीरामला तिची हकीगत सांगे. तिची आई लोकांचे कपडे धुवायची. बाप कोळशाच्या खाणीत गाडला गेला. फिरत्या नाचकंपनीत पोट भरता भरता ती सिनेमात आली. पुढं नायिका झाली, मोटारी आल्या, बंगला आला. लग्नं तीन झाली, टिकलं एकही नाही. रिळं मागंपुढं यायची, त्यामुळं एका आठवड्यात ती पोराबाळांची आई असे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फ्रॉक घालून झोक्यावर.

"आगं, हिनं कंचा नवस केलाय?" मागून विठाबाई म्हणाली होती. "ही तर उलटी वाढतीया!"

ही विठाबाई वळवणची. गवताचे भारे विकून पोट भरणारी. तिच्याबरोबर तिची सरू यायची, आठ-नऊ वर्षांची. सरूच्या डाव्या हाताला फडक्याची घट्ट पट्टी असे. जखम नव्हती. पोर डावरी होती, आणि डाव्या हातानं जेवणारी, वाढणारी बाई कोणत्या घरात खपणार? म्हणून विठाबाई तो हात बांधून ठेवायची.

एकदा यल्शीबाई चित्रात जेवायला वाढत होती. सरू ताडकन उभी राहिली.

"आये! बघ की! ती बी डावरी हाय!"

बायका पुढं सरकल्या. खरंच, वाढणारा हात डावा. पाहुण्यानं हात पुढं केला, तोही डावा. कोतवालानं पिस्तूल काढलं, तेही डाव्यानं.

"बया! त्या मुलखात समदीच डावरी!"

"मग आपल्या स्टेशनावरचा सायेब कसा उजव्यानं सलाम घेतो?" कुणीतरी शंका काढली.

"हितं येऊन बाटला आसंल," विठाबाई म्हणाली, आणि मागची बाजू खदखदून हसली.

उजेड पुढून येतो. पुढच्यांना जे उजवं, ते मागच्यांना डावं. पुढं बसलेल्या पुरुषांना यल्शी उजव्या हातानंच वाढताना दिसत होती. पण ते कुणी बोललं नाही. आपल्यासारख्याच हाताकडं कोण लक्ष देतं? मला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. पण पडद्याला तोंड नसतं.

त्या रात्री विठाबाईनं मागच्या मागंच पट्टी सोडली. सरू मोकळ्या हाताची बोटं उघडत-मिटत घरी गेली.

पुढं प्रत्येक चित्राला ती माझ्या अगदी जवळ बसे. यल्शीनं पत्र लिहिलं की हवेत डावा हात फिरवी. यल्शी रडली की डाव्या हातानं डोळे पुशी. मला ते गरम बोट कळायचं, कारण मधूनच ते मला लागायचं.

सरूचं लग्न ठरलं. मळवलीचा बजरंग, घरी भातशेती, सासू झुंबरबाई कडक म्हणून प्रसिद्ध. लग्नाआधी ती एकदा दुपारी तंबूत आली. हौशीराम एकटाच दोऱ्या आवळत होता.

"भाऊ, एक इचारू का? तुमाला यल्शीबाईचं समदं ठावं हाय. ती खरंच डावरी हाय न्हवं?"

हौशीरामनं हातातली दोरी खाली ठेवली. तो कायम पुढच्या बाजूला उभा असायचा. त्यानं सरूच्या मनगटाकडं पाहिलं. पट्टीचा वळ अजून होता.

"व्हय पोरी," तो म्हणाला. "लय डावरी."

एवढं ऐकून ती सासरी गेली.

पुढचं मी मागच्या बाजूच्या बायकांकडून ऐकलं. पहिल्याच पंगतीत सरूनं भात डाव्या हातानं वाढला. चुलतसासरे पानावरून उठले. त्यांच्यामागं सगळी पंगत उठली. झुंबरबाई ओरडली, "जित्या माणसांना वाढतीस का मेलेल्यांना?" सरू घाबरली नाही. शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, तिकडं मोठमोठ्या घरात आसंच वाढत्यात. म्या सोता बघितलंय." हे उलट बोलणं झालं. चुलीतलं उलथनं लाल होतं. झुंबरबाईनं तिचा डावा तळवा त्यावर दाबला आणि दुसऱ्या दिवशी तिला वळवणला आणून सोडलं.

बजरंग स्टेशनापर्यंत आला होता म्हणतात. लगेच दुसऱ्या गाडीनं परत गेला.

विठाबाई त्यानंतर फार जगली नाही. भिमाजीनं सरूला तंबूत कामाला ठेवलं, मला पाणी मारायला. सप्, सप्. त्या भाजलेल्या हातानं मारलेलं पाणी इतरांसारखं लागत नसे. बोटं नीट मिटत नसत, तांब्या निसटे, पण उजवा हात तिनं कधी लावला नाही.

"आगं, उजव्यानं मार की," भिमाजी म्हणायचा.

"माझ्या हातात खोट न्हाई शेठ," ती म्हणायची. "म्या मुलूख चुकले. तिकडं जलमले आस्ते, तर कुनी बोट लावलं नसतं."

एवढ्यावर ती जगत होती. रोज संध्याकाळी मला भिजवायची आणि माझ्या मागं बसून आपला मुलूख बघायची.

मग बोलपट आले. तारबाबूनं सांगितलं, यल्शीबाईचा आवाज घोगरा निघाला, कंपनीनं तिला काढून टाकलं. बंगला गेला, मोटारी गेल्या. हौशीरामचा आवाजही गेला म्हणायचा. चित्रंच बोलू लागल्यावर त्याला कोण ऐकणार? तो तंबूच्या दारात शेंगदाणे विकू लागला. माझ्या पाठीमागं आवाजाचं मोठं खोकं आलं आणि मागची बाजू बंद झाली. पुढून मला पांढरा रंग फासला. आता पाणी नको. सरू झाडू मारू लागली. बायकांना पुढंच, दोरी लावून, वेगळी बाकं दिली. सरू तिथं कधी बसली नाही. म्हणायची, "पुढनं काय बघायचंय? माझी यल्शी न्हाई त्यात."

आता मी कुठं आहे म्हणून विचाराल, तर मळवलीच्या एका खळ्यावर. तंबू मोडला, तेव्हा मला कुणीतरी घेतलं. माझ्यावर भात वाळत घालतात. रंगाचे पोपडे गेले, शिवण उसवली. कोंबड्या चालतात अंगावर. तक्रार नाही. मला फाडून पोती शिवाल तर शिवा, पोतेरं केलंत तरी चालेल. फक्त पुन्हा कुठं टांगू नका. एवढीच विनवणी. उजेड आता नको वाटतो.

का नको, ते सांगतो आणि थांबतो.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. गोऱ्या सोल्जरांसाठी भिमाजीनं एक बोलपट आणला. दारावरच्या पाटीवर अगदी खाली, बारीक अक्षरांत, एल्सी ग्रेंजर. सरूला वाचता येत नव्हतं. पण पाटीवरच्या चित्रातला चेहरा तिनं ओळखला. झाडू टाकून ती दाराशी आली.

हौशीराम आडवा झाला. "सरू, हे नगं बघूस."

"का वो भाऊ?"

"यल्शी म्हातारी झालीया त्यात. बघवणार न्हाई."

"मग मी कुटं तरणी ऱ्हायले?" ती हसली. "बाजूला व्हा. भेटू द्या की मला."

ती बायकांच्या बाकावर, पहिल्या रांगेत बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पुढच्या बाजूला.

यल्शीचं काम छोटं होतं. मोठ्या घरातली स्वैपाकीण. ती दारातून आली, केस पिकलेले, गालावर माझी शिवण. सरूच्या तोंडून "बाय माझी!" असं निघून गेलं. यल्शी टेबलापाशी आली. कुणी तिच्याकडं पाहत नव्हतं. तिनं पळी उचलली आणि वाढायला लागली.

उजव्या हातानं.

सरू थोडी पुढं वाकली. यल्शीनं दुसऱ्याला वाढलं, तिसऱ्याला वाढलं. धन्यानं ग्लास उचलला, उजव्यानं. शिपायानं दार लावलं, उजव्यानं. त्या मुलखात एकही डावरं माणूस उरलं नव्हतं.

सरूनं आपला डावा तळवा मांडीवर उलटा केला आणि उजेडात धरला. यल्शीचा उजेड त्या चट्ट्यावर हलत होता. मग तिनं वळून पाहिलं. हौशीराम खांबाला धरून उभा होता. त्याच्या टोपलीतले शेंगदाणे सांडत होते, त्याचं भान नव्हतं.

ती उठली. दोरीखालून वाकून माझ्या पाठीमागं आली, खोक्याच्या कडेनं. तिनं तो हात माझ्या पाठीवर ठेवला. रंगानं मी आंधळा झालो होतो, मागच्या अंगाला काही उमटत नव्हतं. मी कोरडाच होतो. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग गेला.

पुढं यल्शी अजून वाढत होती. सरू तंबूच्या कडेनं दारापर्यंत आली. हौशीराम म्हणाला, "सरू… आगं, म्या…"

 सरूनं पदरात डावा हात गुंडाळून घेतला आणि ती बाहेर निघून गेली.